डेस्कटॉप अजिबात चालू होत नाही, बटण दाबलं तरी पंखा नाही, दिवा नाही

पारिजात · रविवार, सकाळी ११.१०

नमस्कार मंडळी. काल रात्रीपर्यंत नीट चालणारा डेस्कटॉप आज सकाळी उठलाच नाही. पॉवर बटण दाबते तर पंखा हलत नाही, समोरचा दिवा लागत नाही, बीप नाही, काहीच नाही.

मशीन सहा वर्षांपूर्वी सुटे भाग घेऊन जोडलेलं आहे. ५५० वॉटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), दोन रॅम, एक ग्राफिक्स कार्ड, एक एसएसडी आणि एक जुनी ३.५ इंची हार्ड डिस्क.

आतापर्यंत केलेलं सांगते. एक्स्टेंशन बोर्ड काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावलं. मॉनिटरची पॉवर केबल काढून कॅबिनेटला लावून पाहिली. मॉनिटर त्याच केबलवर आणि त्याच सॉकेटवर चालतो, म्हणजे ती दोन्ही ठीक आहेत. एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच बंद-चालू केला. केबल काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरलं आणि पुन्हा लावलं. रॅम काढून, पट्ट्या खोडरबरने पुसून परत बसवल्या. काडीचा फरक नाही.

अजून एक. खोलीत शांतता असताना कॅबिनेटला कान लावला तर आतून बारीक टिक... टिक... असा आवाज येतो, साधारण सेकंदाला एक. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

भावाचा प्रबंध त्या हार्ड डिस्कवर आहे. शेवटचा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा, आणि दहा दिवसांत सादर करायचाय. तो सकाळपासून माझ्यामागे येरझाऱ्या घालतोय. कृपया मदत करा.

रिकामा_स्लॉट · सकाळी ११.२४

एसएमपीएस गेला. माझ्याकडे दोनदा अगदी असंच झालंय, दोन्ही वेळा तोच निघाला. नवा टाका, तासाभराचं काम आहे.

तांब्याची_तार · दुपारी १२.०५

पारिजात, आधी भावाला पाणी द्या आणि सांगा की प्रबंध बहुतेक जिथल्या तिथे आहे. मशीन चालू होत नाही याचा अर्थ हार्ड डिस्कपर्यंत वीज पोचतच नाहीये. न पोचलेल्या विजेने डिस्क खराब होत नाही.

रिकामा_स्लॉट म्हणतात ते चूक नाही. अशा तक्रारीत सर्वांत जास्त वेळा एसएमपीएसच सापडतो. पण तुमच्या त्या टिक-टिकीमुळे मी थांबलोय, आणि तुम्ही ती लिहिलीत हे फार बरं केलंत. नवा भाग मागवण्याआधी थोडं तपासू.

बटण दाबल्यावर नेमकं काय होतं ते कळलं की बाकीचं सोपं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इंटेलने १९९५ साली एटीएक्स रचना आणली. त्याआधीच्या एटी मशीनमध्ये समोरचं बटण खरोखरच मेन सप्लाय जोडायचं आणि तोडायचं. एटीएक्समध्ये तसं नाही. तुम्ही केबल लावून मागचा स्विच चालू केलात की एसएमपीएसमधला एक छोटा भाग लगेच जागा होतो आणि जांभळ्या वायरवर, २४ पिनच्या कनेक्टरमधल्या ९ नंबरच्या पिनवर, ५ व्होल्ट देतो. याला स्टँडबाय म्हणतात. मशीन बंद असतानाही तो चालूच असतो. समोरचं बटण मदरबोर्डच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवतं, बस्स. ते पाहून मदरबोर्ड हिरवी वायर, म्हणजे १६ नंबरची पिन, ग्राउंडला खेचतो. मग एसएमपीएसचा मोठा भाग सुरू होतो, १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार होतात, आणि ते स्थिर झाल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांत ८ नंबरच्या करड्या वायरवरून 'तयार आहे' असा निरोप येतो. तो निरोप आल्याशिवाय प्रोसेसर एक पाऊलही टाकत नाही.

म्हणजे जांभळी, बटण, हिरवी, करडी. साखळी कुठे तुटली ते शोधायचं.

तुमच्या बाबतीत मला पहिलीच कडी संशयास्पद वाटते. टिक-टिक हा आवाज बहुतेक वेळा स्टँडबाय भाग सुरू व्हायला बघतो, ओव्हरलोड दिसला की थांबतो, पुन्हा बघतो, पुन्हा थांबतो, त्याचा असतो. याला दोन कारणं असू शकतात. एक तर एसएमपीएसमधला तो भागच खराब झालाय. नाहीतर तो ठणठणीत आहे आणि बाहेर कोणीतरी त्याचे ५ व्होल्ट शॉर्ट करतंय. दुसरं असेल तर नवा एसएमपीएस आणलात तरी तोही तसाच टिक-टिक करत बसेल.

दोन प्रश्न. केबल लावलेली असताना मदरबोर्डवर कुठे छोटा दिवा लागतो का? आणि काल रात्री मशीन बंद करण्याआधी काय काय झालं? साफसफाई, नवीन काही जोडणं, धक्का, काहीही.

पारिजात · दुपारी १२.३१

दिवा नाही. पूर्वी कोपऱ्यात एक हिरवा दिवा कायम लागलेला असायचा, रात्री अंधारात दिसायचा. आज तो नाही. हे मी तुम्ही विचारेपर्यंत पाहिलंच नव्हतं.

काल विशेष काही झालं नाही. भावाने काम केलं, नेहमीसारखं बंद केलं.

खडूफळा · दुपारी १२.५०

डेटाबद्दल एक सांगतो. फार घाई असेल तर दुरुस्तीची वाट न पाहताही फायली काढता येतात. हार्ड डिस्क बाहेर काढा आणि साटा-टू-यूएसबी अ‍ॅडॉप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तुमची ३.५ इंची आहे, तिला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. त्यामुळे स्वतःचा पॉवर अ‍ॅडॉप्टर असलेलाच घ्या. २.५ इंची एसएसडीला तो लागत नाही.

विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर दुसऱ्या मशीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती आधी शोधून ठेवा. बऱ्याचदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते.

पारिजात · दुपारी १.०२

बिटलॉकर नाही. अ‍ॅडॉप्टर मैत्रिणीकडे आहे, उद्या संध्याकाळी मिळेल. भाऊ जरा बसला. खूप आभार, खडूफळा.

मृगजळ · दुपारी १.४०

पेपरक्लिपची टेस्ट करा ना. २४ पिनचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढायचा, हिरवी आणि शेजारची काळी वायर क्लिपने जोडायची. पंखा फिरला तर एसएमपीएस चांगला, नाही फिरला तर गेला. सोपं आहे.

पारिजात · दुपारी ३.१५

मृगजळ यांनी सांगितलेली टेस्ट केली. केबल काढून क्लिप लावली, मग केबल लावून स्विच चालू केला. पंखा फिरला नाही. म्हणजे एसएमपीएसच गेला. नवा मागवतेय.

तांब्याची_तार · दुपारी ३.२२

थांबा, ऑर्डर करू नका. कृपया.

कनेक्टर काढून ठेवलेला असताना ती टिक-टिक येत होती का, हे कान लावून पाहा आणि सांगा.

पारिजात · दुपारी ३.३४

नाही येत! पूर्ण शांत आहे. क्लिप काढली तरी शांत. मदरबोर्डला परत जोडलं की टिक-टिक सुरू.

तांब्याची_तार · दुपारी ४.१०

हेच मला हवं होतं.

पेपरक्लिपच्या टेस्टबद्दल दोन गोष्टी, कारण ती सगळीकडे अर्धवट सांगितली जाते. पहिली, बऱ्याच एसएमपीएसमध्ये कमी लोडवर पंखा मुद्दाम बंद ठेवलेला असतो. काहीच जोडलेलं नसताना तो फिरणारच नाही. त्यामुळे 'पंखा फिरला नाही' यावरून युनिट गेलं असं म्हणता येत नाही. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पंखा फिरला म्हणून एसएमपीएस चांगला असंही ठरत नाही. लोड आल्यावर व्होल्टेज कोसळणारे युनिट मी ढिगाने पाहिलेत, आणि क्लिपवर ते सगळे गुणी बाळासारखे चालायचे.

पंख्याऐवजी व्होल्टेज मोजा. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर, काळी प्रोब कनेक्टरच्या कोणत्याही काळ्या वायरवर. क्लिप लावलेली असताना पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ यायला हवेत. जांभळ्यावर ४.७५ ते ५.२५, तोही क्लिप लावलेली असो वा नसो.

मग कनेक्टर मदरबोर्डला परत जोडा. वायर जिथून आत जातात त्या मागच्या बाजूने जांभळ्या वायरच्या शेजारून प्रोब आत सरकवता येतो, धातूला लागेपर्यंत. पुन्हा मोजा. शेजारच्या पिनेला प्रोब लागू देऊ नका. या सगळ्या वायरवर कमी व्होल्टेज असतं, हाताला धोका नाही. पण एसएमपीएसचं झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि केबल काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. मी पंधरा वर्षं हे काम करतोय आणि आजही त्या डब्याचा मान ठेवतो.

रिकामा_स्लॉट · दुपारी ४.२५

हे मला माहीत नव्हतं. माझा दुसरा एसएमपीएस मी फक्त पंखा बघून फेकला होता. माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता, पारिजात, त्याकडे लक्ष देऊ नका.

ओसरी · संध्याकाळी ५.०५

धाग्यात घुसतेय, पण माझाही प्रश्न असाच आहे. माझा डेस्कटॉप चालू होतो, पंखे फिरतात आणि चार-पाच सेकंदांत आपोआप बंद होतो. प्रत्येक वेळी तितक्याच वेळाने. हेही एसएमपीएसचंच का?

तांब्याची_तार · संध्याकाळी ५.२०

ओसरीताई, 'प्रत्येक वेळी तितक्याच वेळाने' हे फार उपयोगाचं सांगितलंत. पॉवर बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन जबरदस्तीने बंद होतं, हा एटीएक्स मशीनचा ठरलेला नियम आहे. तुमचं बटण आतल्या आत अडकलेलं असणार. तुम्ही दाबता, मशीन सुरू होतं, बटण परत वर येत नाही, मदरबोर्डला वाटतं की तुम्ही दाबूनच धरलंय.

केबल काढा, फ्रंट पॅनेलच्या वायरींमधून पॉवर स्विचची दोन पिनांची वायर हेडरवरून, म्हणजे मदरबोर्डवरच्या उभ्या पिनांवरून, काढा. मग केबल लावून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्याच दोन पिना क्षणभर टेकवा आणि लगेच सोडा. चालू राहिलं तर बटणच दोषी. या वायरला उलट-सुलट नसतं, परत कशीही लावली तरी चालते. शेजारच्या दिव्याच्या वायरला मात्र प्लस-मायनस असतं.

खडूफळा · संध्याकाळी ५.४८

वाचणाऱ्या सगळ्यांसाठी, वेळेवरून बरंच कळतं. पंखा जरासा हलून लगेच थांबत असेल, म्हणजे एक झटका आणि शांत, तर मुख्य व्होल्टेजवर कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतोय. ग्राफिक्स कार्ड काढा, डिस्कच्या पॉवर केबल काढा, प्रोसेसरजवळचा ८ पिनचा कनेक्टर काढा, एकेक करून. मदरबोर्डखाली एखादा सुटा स्क्रू किंवा चुकीच्या जागी लावलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा छोटा खांब) असला तरी हेच होतं. मी एकदा संपूर्ण बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवला आणि तो पहिल्या फटक्यात सुरू झाला. कॅबिनेटमध्ये एक स्टँडऑफ जास्तीचा होता, बरोबर बोर्डाच्या मागच्या सोल्डरिंगला टेकलेला.

पंखे फिरत राहतात आणि फक्त स्क्रीन काळी असते तो वेगळा विषय. त्यात रॅम, ग्राफिक्स, बायोस येतात. इथे मिसळू नये.

तांब्याची_तार · संध्याकाळी ६.०२

+१. पुठ्ठा लक्षात ठेवण्यासारखा. मदरबोर्ड ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावर ठेवून चालू करू नका. त्या पिशवीचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो.

पारिजात · रात्री ८.१५

शेजारच्या काकांकडून मल्टीमीटर आणला. मोजलं. क्लिप लावून: पिवळी १२.१, लाल ५.०५, नारिंगी ३.३४, जांभळी ५.०८.

मदरबोर्डला जोडल्यावर जांभळीवर आकडा एका जागी थांबतच नाही. ०.४, मग ०.९, मग पुन्हा ०.३. टिक झालं की उडी मारतो.

काका बाजूला उभे होते, त्यांनी तो आकडा बघून 'अगं, हे तर कोणीतरी गळा धरलाय' असं म्हटलं. म्हणजे एसएमपीएस चांगला आहे, बरोबर ना? मग मदरबोर्ड गेला?

तांब्याची_तार · रात्री ८.३८

काका अचूक बोलले. एसएमपीएस चांगला आहे. मदरबोर्ड गेला असं अजून म्हणू नका. तो सर्वांत शेवटी.

स्टँडबायचे ५ व्होल्ट मदरबोर्डवर मोजक्याच ठिकाणी जातात. बोर्डावरची स्वतःची चिप, नेटवर्कचा भाग आणि यूएसबी. मशीन बंद असतानाही मोबाइल चार्ज होतो तो यामुळेच. त्यामुळे डिस्क, ग्राफिक्स कार्ड वगैरे काढत बसायची इथे घाई नाही. आधी मागच्या सगळ्या यूएसबी केबल काढा, कीबोर्ड आणि माउससकट. नेटवर्कची केबलही. मग केबल लावून हिरवा दिवा बघा. तरी नाही लागला तर केबल काढून, समोरच्या यूएसबी पोर्टांची वायर मदरबोर्डवरच्या हेडरमधून उपटा. ९ पिनांचं छोटं हेडर आणि असेल तर १९ पिनांचं मोठं. मोठं हेडर काढताना सरळ वर ओढा, त्याच्या पिना फार सहज वाकतात.

दर वेळी काहीही काढण्याआधी मेनची केबल काढायची. हे कितीदाही लिहिलं तरी कमीच.

मृगजळ · रात्री ८.५५

पण यूएसबी पोर्टला रिसेट होणारा फ्यूज असतो ना? शॉर्ट झालं तर तेवढं पोर्टच बंद पडायला हवं. सगळं मशीन कसं बंद पडेल?

तांब्याची_तार · रात्री ९.१०

रास्त प्रश्न. बऱ्याच बोर्डांवर तसंच होतं. काहींवर मशीन सुरू होतं आणि यूएसबीवर ओव्हर करंट आहे, १५ सेकंदांत बंद करतोय, असा संदेश दाखवतं. पण तो फ्यूज उष्णतेवर चालतो, तापायला वेळ घेतो, आणि तुटण्यासाठी त्याला त्याच्या नेहमीच्या क्षमतेच्या जवळपास दुप्पट करंट लागतो. एसएमपीएसचा स्टँडबाय भाग मुळात दोन-तीन अँपियरचाच असतो. फ्यूज तापायच्या आधीच एसएमपीएस हात वर करतो, बंद होतो, फ्यूज थंड होतो, पुन्हा पहिल्यापासून. ती टिक-टिक म्हणजे हेच चक्र.

पारिजात · रात्री ९.५२

लागला!!! हिरवा दिवा लागला!

मागच्या सगळ्या केबल काढल्या तेव्हा काही झालं नाही. मग ९ पिनांचं हेडर काढलं, केबल लावली आणि कोपऱ्यातला दिवा लगेच लागला. टिक-टिक बंद. भाऊ ओरडला. मी अजून पॉवर बटण दाबलेलं नाही, तुम्हाला विचारून दाबावं म्हटलं.

तांब्याची_तार · रात्री ९.५५

दाबा.

पारिजात · रात्री ९.५८

चालू झालं. विंडोज आलं. फायली सगळ्या आहेत. भाऊ पेनड्राइव्ह मागच्या पोर्टला लावून प्रबंध कॉपी करतोय, मी बाकीचं नंतर लिहिते.

ओसरी · रात्री १०.२०

पारिजात, फार बरं वाटलं वाचून. माझंही कळलं. पॉवर स्विचची वायर काढून स्क्रूड्रायव्हरने पिना टेकवल्या, मशीन आता अर्धा तास सुरू आहे. बटण काढून पाहिलं तर प्लॅस्टिकच्या दांड्याच्या खाचेत धूळ आणि काहीतरी चिकट साचून दगडासारखं झालं होतं. पुसून साफ केलं, आता टक् करून वर येतं. मी नवा एसएमपीएस बघायला लागले होते.

जुई_जाई · रात्री १०.४१

धागा वाचून एक इशारा द्यावासा वाटला, कारण इथे अनेकांनी 'दुसरा एसएमपीएस लावून बघा' हे ऐकलेलं असणार. ज्या एसएमपीएसच्या केबल निघतात, म्हणजे मॉड्युलर, त्यांच्या केबल एकमेकांना लावू नका. मदरबोर्डकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणताही एकसारखा नियम नाही. आकार जुळतो, आत बसतो, आणि जिथे ५ व्होल्ट जायला हवेत तिथे १२ जातात. मी जुन्या युनिटच्या साटा केबल कॅबिनेटमध्ये तशाच ठेवून फक्त डबा बदलला होता. चालू केल्याबरोबर दोन डिस्क गेल्या. त्यातल्या एकीवर आईचे फोटो होते, ते परत आले नाहीत. डबा बदलला की केबलही त्याच्याच खोक्यातल्या वापरा. कृपया.

तांब्याची_तार · रात्री १०.५०

जुई_जाई, हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. फार वाईट वाटलं वाचून.

पारिजात · सोमवार, सकाळी ९.३०

आता सविस्तर लिहिते.

सकाळी उजेडात टॉर्च घेऊन समोरची पोर्टं पाहिली. दोन आहेत. वरचं ठीक. खालच्या पोर्टात जी पांढरी प्लॅस्टिकची जीभ असते ती मुळाशी तुटून तिरकी झालीय. तिच्यावर पितळी रंगाच्या चार बारीक पट्ट्या असतात, त्यातली कडेची एक उचलली जाऊन बाहेरच्या स्टीलच्या चौकटीला टेकली होती. केसाएवढा स्पर्श. टॉर्च तिरका धरल्याशिवाय दिसतही नव्हता. मग हेडरकडून येणाऱ्या वायरच्या टोकाला मल्टीमीटर लावला, लाल आणि काळीमध्ये, तर सरळ बीप आला.

आणि मग भावाला आठवलं. परवा रात्री पेनड्राइव्ह त्या खालच्या पोर्टात होता, कॅबिनेट टेबलाखाली आहे, आणि खुर्ची मागे घेताना त्याचा गुडघा पेनड्राइव्हवर आपटला होता. पेनड्राइव्ह वाकला नाही म्हणून त्याने विचारही केला नाही. त्यानंतर त्याने मशीन बंद केलं. सकाळी बंद. तुम्ही काल विचारलंत तेव्हा मी 'विशेष काही झालं नाही' असं लिहिलं, कारण मी त्याला नीट विचारलंच नव्हतं.

दोन प्रश्न राहिले. रात्रभर शॉर्ट असल्यामुळे एसएमपीएसवर किंवा बोर्डावर काही परिणाम झाला असेल का? आणि ते हेडर असंच काढून ठेवलं तर चालेल ना?

तांब्याची_तार · सोमवार, सकाळी १०.०५

कडेची पट्टी, म्हणजे ५ व्होल्टचीच. बाहेरची चौकट ग्राउंड. झाला शॉर्ट.

पण गुडघा लागल्यावर मशीन चालू कसं राहिलं, हा प्रश्न पडायला हवा. माझा अंदाज असा की पेनड्राइव्ह आत असेपर्यंत त्याने ती पट्टी दाबून जागेवर धरली होती. तो काढला आणि पट्टी उचलली. मशीन बंद केल्यावर पेनड्राइव्ह काढला का, ते भावाला विचारा.

परिणामाची फार काळजी नको. शॉर्टपासून वाचण्यासाठीच ते संरक्षण असतं आणि त्याने आपलं काम केलं. खात्री हवी असेल तर जांभळीवर आता बोर्ड जोडलेला असताना मोजा. ५ च्या आसपास स्थिर असेल तर निश्चिंत राहा.

हेडर काढून ठेवलं तर काहीही बिघडत नाही, फक्त समोरची दोन्ही पोर्टं चालणार नाहीत. वायरचं मोकळं टोक मात्र टेपने गुंडाळून कॅबिनेटच्या कडेला बांधा, बोर्डावर लोंबकळू देऊ नका. ती पट्टी पिनेने सरळ करून वापरण्याचा मोह टाळा. जीभ मुळाशी तुटलीय, पुढच्या पेनड्राइव्हला पुन्हा तेच होईल. समोरच्या पोर्टांची छोटी पट्टी बहुतेक कॅबिनेटमध्ये दोन स्क्रूंवर असते आणि वेगळी मिळते.

पारिजात · सोमवार, सकाळी १०.४०

विचारलं. हो, बंद केल्यावर काढला. मॉनिटर काळा झाल्यावर, झोपायला जाताना.

जांभळीवर ५.०६, पाच मिनिटं बघत होते, हलला नाही. वायर टेपने गुंडाळून बांधली. खालच्या पोर्टावर आतून-बाहेरून जाड टेप लावली आणि वर पेनने फुली मारली. प्रबंधाच्या आता तीन प्रती आहेत, त्यातली एक माझ्या लॅपटॉपवर. मैत्रिणीकडचा अ‍ॅडॉप्टर आज तरीही आणणार आहे, जुन्या डिस्कवरचं बाकीचं सगळं एकदा बाहेर काढून घेते.

कॅबिनेट टेबलाखालून काढून वर ठेवलंय. शेजारच्या काकांना मल्टीमीटर द्यायला जातेय, त्यांना सगळं ऐकायचंय.